परमुलखाचा खुर्दा



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतात, कोणी शिवकालावर, कोणी जागतिक राजकारणावर. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. परदेशाहून परत आलेल्या माणसाच्या खिशात जी नाणी उरतात त्यांचे काय करावे, एवढाच तो विषय. शीर्षक वाचून काही मंडळींना वाटले असेल की, कामगार चळवळीतला हा माणूस आता खुर्दा मोजावयास बसला. त्यांना आमचे सांगणे असे की, चळवळीतल्या माणसाने आयुष्यभर दुसरे फारसे काही केलेलेच नसते. जुन्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपर्यंत सभासदाची किमान वर्गणी महिना २५ पैसे होती. अशी लहानसहान वर्गणी दारोदार हिंडून गोळा करावयाची, तिची पावती फाडावयाची आणि वर्षअखेर पैन् पैचा हिशेब द्यावयाचा, ही आमची शाळा. त्यामुळे लहान नाण्याची हेळसांड झालेली आम्हाला पाहवत नाही.

एके काळी परदेश पाहणारा माणूस गावात एखादाच असे. आज तशी स्थिती नाही. रत्नागिरी-रायगडाकडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात राबतो आहे. गोव्याचे आणि कोकणचे खलाशी जगभरच्या बंदरांत जाऊन येतात. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस सहा महिने राहून आलेल्या आजीबाई तर आता प्रत्येक आळीत सापडतील. या सर्वांच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक डबा असतो. बहुधा तो बिस्किटांचा असतो आणि हलविला की खुळखुळतो. त्यात कॉफीच्या सुरईचे चित्र असलेला अमिरातीचा दिरहम असतो, गलबताचे चित्र असलेली कुवेतची नाणी असतात, अमेरिकेचे पाव डॉलर असतात आणि कधी काळी कोणा मामाने आणलेले, आज कोणाला ओळखूही न येणारे एखादे नाणे असते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तो डबा खाली येतो, पुसला जातो आणि परत वर जातो.

आमचे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ही नाणी म्हणजे अडगळ नव्हे. ते परक्या सरकारकडून आपले न फिटलेले येणे आहे. येणे वसूल करावयाचे तर ते कोणाकडून, कोठे आणि कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पूर्वी परमुलखाचे नाणे इतके परके नव्हते. त्याची किंमत त्याच्या पोटात असे. चांदी किती आणि कस काय, एवढे पाहिले की काम भागे. पोतदार नाणे पारखी, सराफ ते वाजवून घेई आणि कमी कसाच्या किंवा दूरच्या नाण्यावर बट्टा कापून व्यवहार पुरा करी. आजही एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण म्हणतो, तो शब्द या बाजारातलाच. कोकणच्या बंदरांत लारी नावाचे नाणे चाले. चांदीची तार मधोमध वाकवून केलेले, बायकांच्या आकड्यासारखे दिसणारे. मूळ ते इराणातल्या लार गावचे. पण व्यापाऱ्यांनी ते इतके आपलेसे केले की पुढे विजापूरच्या आदिलशहांनीही आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या.

याहून जुना दाखला नाशिक जिल्ह्यातला आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आढळला. नहपानाचा पराभव झाला, त्याचे राज्य गेले, पण त्याचा पैसा लोकांच्या हातात उरला. सातकर्णीने तो रद्द ठरवून लोकांना बुडविले नाही. शत्रूच्याच नाण्यावर आपली मुद्रा उमटविली आणि ते पुन्हा बाजारात सोडले. उरलेल्या परक्या नाण्यांचे काय करावे, या प्रश्नाचे आपल्या भूमीतले हे एक फार जुने उत्तर होय.

आज हे उत्तर चालत नाही, कारण नाण्याच्या पोटातली चांदी गेली. युरोचा एक सेंट म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले पोलाद. त्याला किंमत आहे ती ते काढणाऱ्या सरकारांच्या शब्दामुळे, आणि सरकारचा शब्द त्याच्या हद्दीपुरता. हद्द ओलांडली की तेच नाणे नुसती चकती होऊन बसते. पण शब्द दिलेला असतो हे विसरता कामा नये. ज्याने नाणे काढले त्याने ते पुऱ्या किमतीला लोकांना दिलेले असते. कोणी आठ तास उन्हात राबून ते घेतलेले असते. ते परत गेले नाही, तर त्याच्या बदल्यात काहीएक देण्याची वेळ त्या सरकारवर येतच नाही. तुमच्या डब्यातला खुर्दा म्हणजे तुम्ही परक्या तिजोरीला दिलेले बिनव्याजी, बिनमुदतीचे कर्ज आहे.

ही कल्पना कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. म्हणून आपल्याच देशाचा अनुभव सांगतो. एके काळी आखातात आपलाच रुपया चाले. कुवेत, बहारीन, कतार, दुबई येथल्या बाजारांत भारतीय रुपयाने खरेदी-विक्री होई. पण तिकडे साठलेला रुपया परत आला की त्याच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. चोरट्या सोन्याच्या व्यापाराने हा ओघ वाढला आणि आपल्या गंगाजळीला गळती लागली. तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहारीनने १९६५ साली स्वतःचा दिनार काढला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार आणि दुबईकडच्या अमिरातींनीही रुपया सोडला. ओमानने १९७० साली सोडला, पण त्यांच्या रियालाचा हजारावा भाग आजही ‘बैसा’ म्हणूनच ओळखला जातो. तो आपलाच पैसा! परक्यांच्या हाती उरलेला पैसा हे आपल्यावरचे देणे असते, हे भारत सरकारला त्या वेळी बरोबर समजले होते. मग आपल्या हाती उरलेला परक्यांचा पैसा हे आपले येणे आहे, हे आपल्याला समजण्यास अडचण कोणती?

आता हे येणे सगळे देश सारख्याच इमानाने फेडतात असे नाही. युरोची नाणी आणि नोटा १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत सुरू झाल्या. जर्मनीने सांगितले की, जुन्या मार्काची नाणी असोत वा नोटा असोत, आमची मध्यवर्ती बँक त्या केव्हाही बदलून देईल, मुदत नाही. एका युरोस १.९५५८३ मार्क हा त्यांचा भाव आजही कायम आहे. अजून सुमारे १२ अब्ज मार्क लोकांकडून परत आलेले नाहीत, तरी जर्मनीने आपला शब्द मागे घेतलेला नाही. इटलीत उलट घडले. तेथे लिरा बदलून घेण्यास फेब्रुवारी २०१२ अखेरपर्यंत अवधी होता. सरकार पैशाच्या अडचणीत आले आणि ६ डिसेंबर २०११ रोजी वटहुकमाने तो अवधी तत्काळ संपविला. न बदललेल्या लिराची रक्कम सरकारजमा झाली. पुढे २०१५ साली तेथल्या घटना-न्यायालयाने हे कृत्य घटनाबाह्य ठरविले. मालकाने ऐन दिवाळीच्या तोंडावर बोनसचा करार मोडावा, तसाच हा प्रकार. फ्रान्सच्या फ्रँक-नाण्यांची मुदत २००५ साली संपली, स्पेनच्या पेसेटाची ३० जून २०२१ रोजी. सारांश, येण्यालाही मुदत असते. डबा फळीवर स्वस्थ बसलेला दिसतो, पण घड्याळ चालू असते.

येथे कोणी विचारील, मग आपले नोटा बदलणारे व्यापारी ही नाणी का घेत नाहीत? नोट घेतात, नाणे पाहिले की मान हलवितात. यात त्यांचा दुष्टपणा नाही, वजनाचा हिशेब आहे. युरोच्या एका सेंटचे वजन २.३० ग्रॅम. किलोभर सेंट घेतले तर ती ४३४ नाणी होतात आणि त्यांची किंमत ४ युरो ३४ सेंट. ती मोजावयाची, देशवार निवडावयाची, पेटीत भरावयाची, विमानाने पाठवावयाची आणि तिकडच्या बँकेत पुन्हा मोजून द्यावयाची. हमालीच पोत्याहून जड! दोन युरोचे नाणे ८.५० ग्रॅमचे, त्याच्या एका किलोत ११७ नाणी म्हणजे २३४ युरो. हा सौदा परवडेल, पण असे एकाच जातीचे किलोभर नाणे एका माणसाकडे कोठून येणार? तेव्हा एकट्यादुकट्या नाण्याला बाजारात कोणी विचारीत नाही. पुष्कळ नाणी एकत्र आली आणि योग्य ठिकाणी गेली, तरच ती पुन्हा पैसा होतात.

हौसेने प्रवासाला गेलेल्या माणसाची गोष्ट निराळी. त्याला चार नाणी उरली तर ती प्रवासाची आठवण. मजुराला तसे म्हणता येत नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेल्या पैशाने १०० अब्ज डॉलरांचा टप्पा ओलांडला. त्यात बड्या पगारदारांचा वाटा आहे, तसाच गवंड्यांचा, सुतारांचा, ड्रायव्हरांचाही आहे. हा माणूस तेथे चहा पितानाही मनात रुपये मोजतो. कुवेतच्या १०० फिल्सच्या एका नाण्याचे आज पंचवीस रुपयांहून अधिक होतात. अशी वीस नाणी बॅगेच्या कोपऱ्यात आली, तर पाचशे रुपये वाया गेले. घरी ती पोरांना खेळावयास दिली जातात. आम्ही त्या पोरांच्या खेळाच्या आड येत नाही. पण तो बापाच्या घामाचा खेळ आहे, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तर आता करावयाचे काय? आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, परतीच्या आधी दोन दिवस नोट मोडू नये. किराणा, बस, चहा यांस आधी नाणी काढावीत. बिल मोठे असेल तर जमेल तेवढे नाण्यांनी द्यावे आणि उरलेले नोटेने. मोठी नाणी तर मुळीच आणू नयेत. स्वित्झर्लंडचे पाच फ्रँकांचे नाणे चारशे रुपयांच्या वरचे आहे, जपानचे ५०० येनचे अडीचशेच्या वरचे. आपल्याकडे नाणे म्हणजे क्षुल्लक रक्कम अशी सवय झाल्यामुळे माणूस फसतो.

दुसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आखातात एका खोलीत सहा-आठ जण राहतात. कोणी ना कोणी सुटीवर निघतो आणि कोणी ना कोणी मागे राहतो. निघणाऱ्याने आपला खुर्दा खोलीतच ठेवावा. नाण्याला जेथे किंमत आहे तेथेच ते राहू द्यावे. खोलीत एक डबा असावा, त्यावर एका विश्वासू माणसाची देखरेख असावी आणि वहीत नोंद असावी. नवा आलेला माणूस पहिला पगार होईपर्यंत अडचणीत असतो. त्याच्या बसभाड्याला आणि फोनला हा डबा उपयोगी पडेल. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, गावाकडून येणाऱ्या पोराला तेथे पथारी टाकण्यास जागा मिळे आणि खर्च वर्गणीतून भागे. धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या खलाशांची ‘कूड’ नावाची वसतिस्थाने गावोगावच्या मंडळींनी अशीच चालविली. आपल्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत जे केले ते दुबईत करणे अशक्य नाही.

तिसरी गोष्ट, जी नाणी घरी येऊन पोचलीच आहेत त्यांची. एकदा ती देशवार निवडावीत आणि कागदी पाकिटांत घालून वर देशाचे नाव लिहावे. घरातला माणूस पुन्हा त्याच देशी निघाला की पासपोर्टबरोबर ते पाकीट त्याच्या हाती द्यावे. बंद झालेल्या नाण्यांची माहिती घ्यावी. इंग्लंडचा गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात चालत नाही, पण तेथे ज्याचे बँकेत खाते आहे त्याला तो खात्यात भरता येतो. जुन्या नाण्यांत चांदी असते हेही पाहावे. इंग्लंडच्या १९२० पूर्वीच्या शिलिंगासारख्या नाण्यांत शेकडा साडेब्याण्णव चांदी आहे, १९२० ते १९४६ पर्यंतच्यांत निम्मी, आणि १९४७ पासून मुळीच नाही. अमेरिकेच्या १९६४ पर्यंतच्या पाव डॉलरात शेकडा ९० चांदी आहे. अशी नाणी ओळखीच्या सराफाला दाखवावीत.

चौथी गोष्ट कायद्याची. इतकी परदेशी नाणी घरात ठेवली तर गुन्हा होईल काय, असे काही भाबडी माणसे आम्हाला विचारतात. होत नाही. परकीय चलनाच्या नियमांनुसार परदेशी नाणी कितीही बाळगता येतात. नोटांना मात्र २,००० डॉलरांच्या किमतीइतकी मर्यादा आहे; प्रवासातून उरलेल्या त्याहून जास्त नोटा परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत व्यापाऱ्यास द्याव्या लागतात. पण नाणी बाळगता येतात म्हणून गल्लीत त्यांचा खरेदी-विक्रीचा धंदा मांडता येत नाही. परकीय चलनाचा व्यापार अधिकृत परवानेवाल्याचाच.

पाचवी गोष्ट फसवणुकीची. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो अशा जाहिराती फोनवर येतात. आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, असे म्हणत गरिबाकडून पैसे काढले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन हे प्रकार होऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच जाहीर इशारा दिला की, असल्या व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही आणि आम्ही असले शुल्क मागत नाही. जो तुमचे नाणे विकत घेण्यासाठी तुमच्याकडेच आधी पैसे मागतो, तो नाण्याचा गिऱ्हाईक नव्हे, तुमचा गिऱ्हाईक आहे.

सहावी गोष्ट बोलताना आमचा आवाज थोडा चढेल, त्याची क्षमा असावी. काही चतुर माणसे परदेशी नाणे अंधारात कंडक्टरच्या हातावर ठेवतात, नाहीतर भाजीवालीच्या टोपलीत टाकतात. आकार सारखा असला की खपून जाते. जगभर हे चालते. फिलिपाइन्सचा एक पेसो आणि अमिरातीचा एक दिरहम एकाच मापाचे आहेत हे २००६ साली उघडकीस आले. पेसोची किंमत तेव्हा दिरहमाच्या बाराव्या भागाइतकी होती, आणि लोक यंत्रांत पेसो टाकून माल काढीत. यंत्र कोणा कंपनीचे असते. आपल्या येथे मात्र हिशेबात तूट आली की कंडक्टरला ती पदरची भरावी लागते, आणि भाजीवालीला तर तक्रार करण्यास जागाच नाही. तुमच्याकडे उरलेले येणे परक्या सरकारकडून वसूल करा. आपल्याहून गरीब माणसाच्या गळ्यात ते बांधू नका.

देवाच्या दानपेटीविषयीही हेच. शिर्डीला भक्तांनी वाहिलेली भारतीय नाणीसुद्धा ठेवावयास काही बँकांकडे जागा उरली नाही, अशा बातम्या २०२३ साली आल्या होत्या. मग परदेशी नाण्यांचे देवस्थानाने काय करावे? जे आपल्याला नकोसे झाले ते देवाला देऊन पुण्य लागत नाही. नाणी दानच करावयाची असतील तर विमानातच करावीत. युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रांची बालकांसाठी काम करणारी संस्था १९८७ पासून काही विमान कंपन्यांच्या साह्याने प्रवाशांचा उरलेला खुर्दा पाकिटांतून गोळा करते. त्यातून आजवर १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली आहे. एकट्या नाण्याला किंमत नाही आणि गोळा झालेल्या नाण्यांना आहे, या आमच्या म्हणण्याचा याहून मोठा पुरावा शोधावयास नको.

इतके सारे करूनही काही नाणी उरतीलच: मुदत संपलेली, चांदी नसलेली, कोणी न घेणारी. ती शाळेला द्यावीत. मुलांनी नकाशावर त्यांचे देश शोधावेत, ती लिपी पाहावी, ‘बैसा’ वाचून चकित व्हावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून काम करीत आहे. मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे. सहलीला मुले किल्ले पाहतात, तशी एकदा नाणीही पाहावीत. पैसा म्हणजे काय हे ज्या मुलाला लवकर समजते, त्याला मोठेपणी पगारपत्रकात गंडविणे कठीण जाते, हा आमचा अनुभव आहे.

मंडळी, वेळ बराच झाला. घरी गेल्यावर एवढे करावे. फळीवरचा डबा खाली काढावा, जुने वर्तमानपत्र पसरून नाणी ओतावीत आणि घरातल्या मुलांना देशवार ढीग लावण्यास सांगावे. अर्ध्या तासाचे काम आहे. मग आपल्या नात्यात, आळीत पुढच्या महिन्यात कोण कोठे निघाले आहे याची चौकशी करावी आणि जे तेथे राहणार आहेत त्यांना खोलीतल्या डब्याची गोष्ट कळवावी. रक्कम मोठी निघेल असे आम्ही म्हणत नाही. जी निघेल ती कोणाच्या तरी श्रमाची आहे, म्हणून ती मोजली गेली पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.